बोर्ड होऊ दे, मग बघू

सर्जन माझ्याशी एकटीशी बोलले, ते आतल्या खोलीत ह्यांच्या बुटांच्या लेस बांधून होईपर्यंत. एरवी एवढ्याशा वेळात कुणाचं काय बोलून होणार? पण ह्यांची बोटं लेसशी झटत होती. दाराच्या फटीतून मला त्यांचं वाकलेलं डोकं दिसत होतं. सगळी नोकरी फौजेत, बूट घालण्यात गेलेला माणूस.

"आत त्यांना म्हटलं ऑपरेशन लागेल, तर त्यांनी हसण्यावारी नेलं," सर्जन म्हणाले. "तुम्ही तरी ऐका. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला गेलाय. बोटं त्यानेच जड झालीत. पुढे पायांचा नंबर. आणि गेलेली ताकद ऑपरेशननं परत येतेच असं नाही, पुढचं जाणं तेवढं थांबतं. याच महिन्यात करून घ्या. तोवर त्यांना पडू देऊ नका. मानेला धक्का नको."

मी मान हलवली. हे बाहेर आले, आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. बटण त्यांनी बोटाच्या पेराने दाबलं.

"काय म्हणालो डॉक्टर?"

"काही नाही. करायचं तर करा म्हणाले. घाई नाही."

"बघ! माका म्हायत होता."

लिफ्ट खाली पोचेपर्यंत माझं बोलून झालेलं होतं. ते तोंडातून निसटलं, घाबरून बोलले, असं मी पुढे बरेच महिने स्वतःला सांगितलं. खरं ते नाही. मी विचार करूनच बोलले होते. तो विचार बोरिवलीहून आला होता.

आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. मोठी गाडी, डोंगरातले रस्ते. गाडी खड्ड्यात आपटली की हेल्मेट घातलेलं डोकं छतावर, आणि छतावरून परत मानेवर. हे हसत सांगायचे, जणू जत्रेतल्या पाळण्याची गोष्ट. मान दुखायला लागली ती नोकरीच्या मधल्या वर्षांत. पण पलटणीत सकाळी आजारी म्हणून नाव द्यायला जो जातो तो कामचोर, अशी तिथली रीत. शिवाय नाव दिलं की डॉक्टर 'कॅटेगरी' खाली करतो. मग गाडी हातातून जाते, बढती अडकते. म्हणून ह्यांनी कधी नाव दिलं नाही. गरम पाण्यात टॉवेल पिळून मानेवर ठेवायचे आणि घरी फोनवर म्हणायचे, "मजेत."

परिणाम काय व्हायचा तो झाला. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड बसला, तीन डॉक्टरांचा. त्यांनी लिहिलं की मान झिजलेली आहे, पण ती नोकरीमुळे नाही. कुठे नोंदच नव्हती, तर त्यांनी तरी काय लिहावं? म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही. त्याच बोर्डापुढे डॉक्टरांनी ह्यांना मान वळवून दाखवायला सांगितली होती. ह्यांनी दात आवळून ती पूर्ण वळवली, दोन्ही बाजूंना. वर "ठीक है साहब" म्हणून सॅल्यूट. हे त्यांनी मला मर्दुमकी म्हणून सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

हे निवृत्त होऊन आम्ही दिंडोशीला राहायला आल्यावर मी अपिलाच्या मागे लागले. बोरिवलीला एक निवृत्त सुभेदार राहतात. माजी सैनिकांना अशा प्रकरणांत वाट दाखवतात, भला माणूस आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे अर्ज करत गेलो आणि शेवटी उत्तर आलं, नव्याने बोर्ड घेऊ. सुभेदारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, बोर्ड कागद वाचतो, पण बघतो माणूस. कुणी ऑपरेशन सांगितलं तर आत्ता करू नका. मग म्हणतील, हा तर बरा झाला. बोर्ड होऊ दे, मग बघू." त्यांनी ह्यांचा एमआरआय पाहिलेला नव्हता. तो तर तेव्हा काढलेलाही नव्हता. त्यांना दोष नाही.

मला ह्यांच्या तोंडाचा भरवसा नव्हता. साहेब समोर आला की ह्यांच्या तोंडून "ठीक है" शिवाय काही निघणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. भरवसा होता तो बोटांवर. बोटं खोटं बोलणार नव्हती. आणि ती बोलायला हवी असतील, तर बोर्डापर्यंत ती तशीच राहायला हवी होती.

असं लिहून बघितल्यावर हात थांबतो. पण मी तसंच ठरवलं होतं.

पैसे नको होते असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं. हवेच होते. सिक्युरिटीची नोकरी ह्यांना झेपेना, साधी पेन्शन पुरत नव्हती, माझं फॉल-पिकोचं मशीन चाललं तरच घर चाले. पण पैशाच्या वर आणखी एक हट्ट होता, आणि तो माझा होता. मी लग्नानंतर बरीच वर्षं एकटीने काढली. सासू-सासऱ्यांची आजारपणं, मुलीचं शिक्षण, सगळं. त्या सगळ्या वर्षांचं जे काही झालं ते 'नोकरीमुळे नाही' असं कुणीतरी एका ओळीत लिहून टाकलं, ते मला सहन होत नव्हतं. हे कधीच विसरले होते. मीच विसरले नव्हते.

मग ते आठवडे सुरू झाले.

भीती म्हणजे काय, ते मला त्याआधी माहीत नव्हतं. हे सीमेवर असतानाही मी इतकी भ्यायले नव्हते. तेव्हा भीती लांब होती आणि तिच्यात माझा हात नव्हता. आता ती घरात चपला घालून फिरत होती. एकदा हे डेअरीतून दूध घेऊन वर आले. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही. त्यांना पत्ताच नव्हता. मी खाली गेले, पहिल्या मजल्याच्या पायरीवर पडलेली ती चप्पल उचलली आणि आणून तिच्या जोडीदाराशेजारी ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी घासत बसले. पायांचा नंबर लागला होता.

बाथरूममध्ये मी रबराची चटई टाकली. "पाणी सांडतं" म्हटलं. उंबऱ्याजवळचं पायपुसणं काढून टाकलं. "मळलंय" म्हटलं. हे आंघोळीला गेले की मी मशीन बंद करायची, कारण मशीनच्या आवाजात पडल्याचा आवाज ऐकू आला नसता. बादली सरकली तरी मी उठून दाराशी जाऊन उभी राहायची.

एकदा मुलुंडला जायचं निघालं. तिथे ह्यांच्या पलटणीतला एक मित्र राहतो, मूळचा साताऱ्याकडचा, ह्यांच्या हाताखाली गाडी शिकलेला. त्याच्या नव्या घराची पूजा होती. नको म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं, कारण 'घाई नाही' म्हणणारी मीच. रिक्षा आरेच्या झाडीतल्या रस्त्याने निघाली. त्या रस्त्याला खड्डे नाहीत असा महिना नाही. मी रिक्षावाल्याला म्हणत राहिले, "भैया, धीरे. भैया, आगे खड्डा है." शेवटी तो वैतागला, "दीदी, आप ही चला लो." प्रत्येक धक्क्याला ह्यांच्या पाठीतून वीज गेल्यासारखं व्हायचं, ते त्यांच्या खांद्यांवरून मला दिसायचं. मी माझा हात त्यांच्या मानेमागे घातला आणि तळव्यावर त्यांचं डोकं तोलून धरलं.

"काय गो," हे हसले, "म्हातारपणी प्रेम इला उतू?"

"येऊ दे," मी म्हटलं.

मी डोळे बाहेर झाडांकडे लावून बसले. तेव्हा सांगता आलं असतं. रिक्षा तिथेच वळवता आली असती.

मग गणपती आले. गावी जायचं ह्यांनी ठरवूनच टाकलं होतं. रात्रभरची बस, हायवेची ती दशा. मी म्हटलं माझ्या हातात ब्लाउजच्या ऑर्डरी आहेत, मला जमणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.

"गणपतीक जावचा नाय? तुज्या ऑर्डरीसाठी?" ह्यांचा आवाज चढला. "तू कित्याक अशी करतस? डॉक्टर म्हणालो ना, काय एक नाय म्हणून!"

मी हट्ट धरला, रडले, त्यांच्या भावाला फोन करून आमची वाट बघू नका म्हणून सांगितलं. त्या वर्षी आमच्या घरातला गणपती आम्ही फोनवर पाहिला. हे माझ्याशी कितीतरी दिवस नीट बोलले नाहीत. मला बरंच वाटलं. न बोलणारा माणूस घरात तरी होता, बसमध्ये नव्हता.

आणि एवढं करून बोर्डाची तारीख पुढे गेली. कुणी तज्ज्ञ डॉक्टर बदलून गेले होते, नवे आल्यावर कळवू. ते पत्र मी आधी वाचलं. लिफ्टमधली चूक एक वेळ घाबरटपणात मोडेल, पण इथे मला पुन्हा एकदा संधी मिळाली होती. सर्जननी सांगितलेला महिना उलटून गेलेला. ह्यांचा डावा पाय फरशीवर घासत यायला लागला होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'चला, आधी ऑपरेशन करू.' मी पत्र त्यांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, "बोर्ड होऊ दे, मग बघू."

"तू म्हणशीत तसा," हे म्हणाले.

बोर्डाच्या आदल्या दिवशी मी जे केलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. मी लिहिलेलं वाचतील तेव्हा त्यांना कळेल. ह्यांचा एक पांढरा शर्ट आहे, सरकारी कामाला घालायचा. मी दुपारी तो घेऊन बसले आणि त्याच्या प्रत्येक काजाचं टोक दोन-दोन टाक्यांनी आवळलं. नजरेला कळणार नाही असं. हातात कला होती, ती अशी वापरली. सकाळी बटणं मीच लावून दिली. मला ठाऊक होतं, आत गेल्यावर शर्ट काढा म्हणणार.

ते फौजी हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. बायकांना आत सोडत नाहीत. मी बाकावर बसले होते. हे बाहेर आले ते शर्टाची बटणं उघडी, आतली बनियन दिसतेय. घरात दारावर कुणी आलं तरी शर्ट घातल्याशिवाय उठायचे नाहीत, असा माणूस.

"माका जमूक नाय गो," ते हळूच म्हणाले. "शेवटी तिथल्या नर्सिंगवाल्यान बटना काढल्यान. तिघेव साहेब बघीत बसलेले."

"काही विचारलं?"

"विचारल्यानी. कसे आहात."

"मग?"

"ठीक है साहब म्हटलंय."

मी तिथेच उभी राहून त्यांची बटणं लावायला लागले. माझ्याच बोटांना ती काजं जड गेली. घरी आल्यावर मी ते टाके उसवले, पण उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून ह्यांनी शर्ट घालणंच सोडलं. टीशर्ट घालतात. बोटं होती त्याहून जास्त गेलीत, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि ते मी त्यांच्या मनात शिवलेलं आहे.

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशनसाठी गेलो. सर्जननी ह्यांना दारातून चालत येताना पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"इतके दिवस कुठे होता तुम्ही?"

"साहेब, तुमीच सांगितलास ना हिका, घाई नाय म्हणून," हे अगदी सरळ मनाने म्हणाले.

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. टेबलाची कड धरली होती मी, तेवढी आठवते. आत्ता ते बोलणार. आत्ता ह्यांची मान माझ्याकडे वळणार, जेवढी वळते तेवढी. सर्जननी फाइल उघडली, एक पान उलटलं, परत मिटली.

"ठीक," ते म्हणाले. "आता पुढचं बघू."

त्या एका वाक्याचे उपकार मानावेत की ती शिक्षा समजावी, ते मला अजून ठरवता येत नाही.

ऑपरेशन नीट झालं. मानेतल्या कळा गेल्या. उजव्या हाताची बोटं थोडी सुटली, डाव्या पायाने मात्र साथ सोडली ती सोडलीच. काठी आली. मी सारखी ते पडतील म्हणून भ्यायले होते. ते एकदाही पडले नाहीत, आणि पाय न पडताच गेला.

पुढे काही महिन्यांनी पेन्शनची मंजुरी आली. मान नोकरीमुळेच बिघडली, असं आता तिथे लिहिलेलं आहे. मला जे वाक्य हवं होतं ते मिळालं. बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, बोरिवलीच्या सुभेदारांना घरी जाऊन दिले. आणि त्यानंतर आमच्याकडे माणसं यायला लागली. कुणाची कंबर, कुणाचा मणका, कुणाचं अपील अडकलेलं. ह्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सल्ला विचारत होतं. खुर्चीत ताठ बसून ते सगळं समजावून सांगायचे. मी चहा करायची आणि दाराआड उभी राहून ऐकायची, आज काय सांगतायत.

मागच्या महिन्यात मुलुंडचा तो मित्र आला. हातात एमआरआयची मोठी पिशवी.

"उस्ताद, आपली पण वाट लागली," तो बसता बसता म्हणाला. तो ह्यांना अजून उस्तादच म्हणतो. "हाताला मुंग्या. मोबाईल पडतोय सारखा. बायको म्हणते, नवीन घ्यायला मुद्दाम पाडताय."

"ती बरोबर असतली," हे हसले. "डॉक्टर काय म्हणता?"

"तो काय, सुरी घेऊनच बसलाय. लगेच करा म्हणतो. आणि माझा बोर्ड आहे दिवाळीनंतर. तुम्ही आम्हाला शिकवलंत घाटात घाई करायची नाही, आता डॉक्टरला कोण शिकवणार?"

मी कप घेऊन बाहेर आले. त्याने कप दोन्ही हातांनी धरला, ओंजळीत धरावा तसा. ह्यांनीही त्या आठवड्यांत कप तसाच धरला होता.

"अरे, डॉक्टर असेच घाबरवतत," हे म्हणाले. "तू थांब. बोर्ड होऊ दे, मग बघ. आमी नाय थांबलव? काय बिघडला?"

मित्राची नजर खुर्चीला टेकवलेल्या काठीवर गेली आणि लगेच उचलली गेली. उस्तादाला काय बोलणार?

"आमच्या हिना तर डॉक्टराक वेगळा गाठून विचारलेल्यान. घाई नाय म्हणून तोच म्हणालेलो. काय गो?"

दोघेही माझ्याकडे बघत होते. 'हो' म्हणायला काहीच लागलं नसतं. इतके महिने म्हणतच होते. पण तो कप दोन हातांत होता आणि दिवाळी बरीच लांब होती.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाय?"

"डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. याच महिन्यात करा म्हणाले होते. गेलेलं परत येणार नाही, हेही म्हणाले होते. मी तुम्हाला खोटं सांगितलं." मग मी मित्राकडे वळले. "भाऊजी, तुम्ही थांबू नका. बोर्ड गेला खड्ड्यात. उद्या जाऊन तारीख घ्या."

तो कप हातात घेऊन नुसता बसला. कधी बशीकडे बघे, कधी ह्यांच्याकडे.

"साखर बरोबर आसा मा रे?" हे त्याला म्हणाले.

"बरोबर आहे उस्ताद."

"मग पी. निवता."

तो गेला. जाताना पिशवी विसरला म्हणून परत आला आणि माझ्याकडे न बघता घेऊन गेला. मी कप धुऊन बाहेर आले. हे तिथेच बसलेले.

"डॉक्टरान बोर्डाच्या आदी सांगितल्यान, का नंतर?"

"आधी. पहिल्याच दिवशी. तुम्ही लेस बांधत होतात."

"बरा," ते म्हणाले. आणि टीव्ही लावला.

मी ओरडणं ऐकायला तयार होते. त्यांनी विचारलं असतं का केलंस, तर त्याचंही उत्तर मी तयार ठेवलं होतं, चांगलं नव्हतं तरी. ते विचारलंच नाही. अजूनही नाही. जेवणात मीठ कमी पडलं तर सांगतात, लाइट बिल आलं का विचारतात. मित्राचं ऑपरेशन झालं, त्याचा फोन आला होता. "उस्तादांना द्या," म्हणाला. मी दिला. त्याचा बोर्ड अजून व्हायचाय. काय होईल कुणास ठाऊक.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी शिकवलं होतं की जिना उतरताना मी ह्यांच्या एक पायरी खाली राहायचं, आणि ह्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवायचा. ऑपरेशनपासून आम्ही तसंच उतरत होतो. मित्र येऊन गेला त्या दुपारनंतर तो हात खांद्यावर येत नाही. ते कठडा धरतात. मी पुढे असते, माझी पाठ त्यांच्याकडे. काठी टेकल्याचा आवाज येतो, मग घासत येणाऱ्या पायाचा, मग मधे काहीच नाही. ते 'काहीच नाही' संपेपर्यंत मी श्वास घेत नाही.

पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा तुटलाय. सोसायटी दुरुस्त करणार, करणार म्हणतेय. तिथे आले की ते थांबतात. मला वाटतं, आता तरी हात येईल. मी खांदा थोडा वर करून उभी राहते. मग भिंतीवर तळवा सरकल्याचा आवाज येतो. भिंतीला धरून ते उतरायला लागतात. मी वळून बघितलं तर ते तिथेच थांबतील, आणि तिथे थांबणं सगळ्यात वाईट. म्हणून मी बघत नाही. पिशवी कोपरात अडकवते, दोन्ही हात मोकळे ठेवते, आणि एक पायरी उतरते.